जन्माचा कागद : कोणता आणि कशासाठी?

साताऱ्याच्या त्या वेळच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत १९१४ या अनुक्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्या प्रवेशाचा दिवस. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून तो 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचे ठरविले आणि आपल्या शाळेतही तो दिवस पाळला जातो. एका रजिस्टरातील एका ओळीला आपण वंदन करतो, कारण त्या ओळीने एका मुलासाठी शाळेचे दार उघडले आणि पुढे त्या मुलाने कोट्यवधींसाठी ती दारे उघडली. नोंदीचे मोल आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावे, अशी स्थिती नाही.

असे असूनही आपल्याच मुलामुलींच्या पहिल्या नोंदीकडे, जन्माच्या नोंदीकडे, आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दरवर्षी जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात पालकांची रांग लागते. हातात प्लॅस्टिकची पिशवी असते, पिशवीत कागद असतात, आणि तरीही नेमका हवा तो कागद त्यात नसतो. कोणी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणतो, कोणी अंगणवाडीचे कार्ड, कोणी आधारची रंगीत प्रत. 'जन्माचा दाखला' या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे कागद येतात आणि प्रत्येकाचे काम निराळे असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी सविस्तर लिहावे, असे आम्हांला वाटले.

पहिला कागद म्हणजे जन्म प्रमाणपत्र. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ आणि महाराष्ट्राचे २००० सालचे नियम यांनुसार निबंधक ते 'नमुना ५' मध्ये देतो. त्यावर बाळाचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईचे व वडिलांचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा दिनांक असतो. आता बहुतेक ठिकाणी ते संगणकावर तयार होते आणि त्यावर क्यूआर कोड छापलेला असतो. शाळाप्रवेश, पारपत्र, वाहन परवाना, मतदार यादी यांसाठी लागतो तो हा कागद. २०२३ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शिक्षणसंस्थेतील प्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी, विवाह नोंदणी, शासकीय नेमणूक, पारपत्र आणि आधार या सर्व ठिकाणी जन्मतारीख व जन्मस्थळ सिद्ध करण्यासाठी हेच प्रमाणपत्र धरले जाणार आहे. आज जे बाळ पाळण्यात आहे, त्याला उद्या 'दुसरे काहीतरी चालवून घ्या' असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

दुसरा कागद म्हणजे जुन्या नोंदवहीची प्रमाणित नक्कल. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वी गाव नमुना नंबर १४ मध्ये होत. लोक त्यालाच 'कोतवाल बुक' म्हणतात. आजोबा-पणजोबांच्या काळातील या वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तेथे नक्कल मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, व्यक्तीचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि अंदाजे साल लिहावे लागते. साल नेमके ठाऊक नसेल, तर पाचदहा वर्षांचा टप्पा लिहून शोध घेण्याची विनंती करावी.

तिसरा कागद म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, 'नमुना १०'. शोध घेऊनही नोंद सापडली नाही, असे निबंधक त्यात लेखी देतो. पुष्कळ पालक हा कागद हाती पडला की निराश होऊन घरी जातात. वास्तविक विलंबाने नोंदणी करून घेण्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी आहे. तो फेकू नये, जपून ठेवावा.

चौथा कागद आपल्या ओळखीचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तो जन्माचा दाखला नव्हे. परंतु ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, अशा मागच्या पिढ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जातीचाही मोठा पुरावा तोच ठरत आला आहे.

आता या चार कागदांत गल्लत झाली की काय होते, ते पाहू. जात वैधता पडताळणीच्या वेळी कित्येक पालक मोठ्या खटपटीने मुलाचे नवे, क्यूआर कोड असलेले जन्म प्रमाणपत्र काढून आणतात आणि अर्जाला जोडतात. त्या कागदावर जात नसते. जन्माची माहिती देण्याच्या नमुन्याचे दोन भाग असतात, एक कायदेशीर आणि दुसरा सांख्यिकीय. धर्माचा रकाना सांख्यिकीय भागात असतो. ती माहिती आकडेवारीसाठी पुढे जाते, प्रमाणपत्रावर येत नाही. म्हणून नवे प्रमाणपत्र कितीही चकचकीत असले, तरी पडताळणी समितीपुढे त्याचा उपयोग फार तर नातेसंबंध दाखविण्यापुरता होतो. समितीला हवी असते ती जुनी नोंद, जिच्यात जातीचा उल्लेख आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही राष्ट्रपतींच्या आदेशाची तारीख निर्णायक आहे. त्या तारखेच्या आधीचा, वाडवडिलांचा कागद जितका स्पष्ट, तितके काम सोपे. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकलेली आहे, हे विसरून चालत नाही.

याच्या उलट गल्लतही होते. कोणी पारपत्रासाठी कोतवाल बुकाची नक्कल घेऊन जातो. त्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. 'अमुक यांस मुलगा' एवढेच लिहिलेले असते. ती नक्कल खरी, तिच्यावरचा शिक्काही खरा, पण त्या कामासाठी ती निरुपयोगी. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा कागद मला कशासाठी हवा आहे? वय सिद्ध करायचे आहे, नाते सिद्ध करायचे आहे, की जात? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कोणत्या कार्यालयात जायचे आणि कोणता नमुना मागायचा, हे आपोआप ठरते.

येथे आपल्या समाजाच्या मनातील एका अवघड गोष्टीविषयी बोलणे आम्हांला आवश्यक वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर असंख्य घरांनी शाळेत मुलांचे नाव घालताना जातीच्या रकान्यात अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. त्याचा परिणाम असा की, एकाच घरात आजोबांच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि काकांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' असे तीन उल्लेख सापडतात. बौद्धांचा समावेश केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात व्हायला १९९० सालची दुरुस्ती यावी लागली. या साऱ्या इतिहासाचा भार आज बारावी झालेल्या मुलीच्या फायलीवर येऊन पडतो. जे नाव आजोबांनी मनातून आणि घरातून काढून टाकले, तेच नाव शोधत नातीला अभिलेख कक्षात जावे लागते.

काही ज्येष्ठांना हे अपमानास्पद वाटते. 'पुन्हा तोच शब्द का शोधायचा?' असे ते विचारतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. त्या वहीत आपल्या पूर्वजांचे नाव कसे लिहिले गेले, पुढे आदरार्थी शब्द लावला गेला की नाही, हे सारे लिहिणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा आहे. आपल्या योग्यतेचा नव्हे. अन्याय झाला होता, हे सांगणारा कागद जपणे म्हणजे तो अन्याय मान्य करणे नाही. उलट तो कागद हाती असला, तरच त्या अन्यायाच्या भरपाईसाठी संविधानाने दिलेला हक्क मागता येतो. म्हणून घरातील एका तरी जाणत्या व्यक्तीने पूर्वजांच्या नोंदीची प्रमाणित नक्कल एकदा काढावी आणि तिच्या प्रती सर्व भावंडांना द्याव्यात. घरात एखाद्याचे वैधता प्रमाणपत्र झाले असेल, तर रक्तसंबंधातील इतरांसाठी तोही मोठा आधार ठरतो. भाऊबंदकीच्या रागापायी तो कागद चुलत भावाच्या मुलाला नाकारणे, हे आमच्या मते त्या मुलाचे वर्ष बुडविण्यासारखे आहे.

जुन्या नोंदी मिळविताना आणखी एक अडचण येते, ती लिपीची. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात जुन्या वह्या पुष्कळदा मोडीत असतात. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतील कागद उर्दूत सापडतात. अशा वेळी नकलेबरोबर जाणकाराकडून केलेले देवनागरी लिप्यंतर किंवा मराठी भाषांतरही हवे. आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी मोडी शिकून घ्यावी. त्यात समाजाची मोठी सेवा आहे आणि थोडाफार अर्थलाभही आहे.

'प्रमाणित प्रत' या शब्दाविषयीही स्पष्टता हवी. झेरॉक्सवर स्वतः सही केली की ती स्वयंसाक्षांकित प्रत होते. अधिकाऱ्याने मूळ पाहून सही केली की ती साक्षांकित प्रत होते. या दोन्हींपैकी एकही 'प्रमाणित प्रत' नव्हे. ज्याच्या ताब्यात मूळ नोंदवही आहे, त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी दिलेली नक्कल, तीच प्रमाणित प्रत. न्यायालयात आणि समितीपुढे वजन असते ते तिला. म्हणून अर्ज करतानाच दोनतीन प्रती मागाव्यात. दरवेळी नव्याने खेटे घालण्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि मिळालेला कागद लॅमिनेट करू नये, ही आमची हात जोडून विनंती आहे. प्रेमापोटी केलेले लॅमिनेशन पुढे अडचणीचे ठरते, कारण त्यावर पुढचा शिक्का उमटत नाही आणि मूळ शिक्का तपासता येत नाही.

परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्यांना याचा अनुभव येतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध घरांतील मुलेमुली आज परदेशी विद्यापीठांत जात आहेत. पुढे तेथे कुटुंब नेण्याची वेळ आली की जन्म प्रमाणपत्रावर अपोस्टिल मागितले जाते. भारत २००५ साली या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाला. आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो क्रम असतो. हस्तलिखित, नाव नसलेला जुना दाखला तेथे अडतो. ज्यांच्या घरात असा दाखला आहे, त्यांनी गरज पडण्यापूर्वीच त्याच नोंदीवरून नमुना ५ मधील नवे प्रमाणपत्र मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत काढून घ्यावे.

हे प्रमाणपत्र मिळते कोठे, याबाबतही घोटाळा असतो. आपण राहतो तेथे नव्हे, तर जन्म झाला तेथे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सासर एका तालुक्यात, माहेर दुसऱ्या, आणि प्रसूती तिसऱ्याच गावच्या रुग्णालयात. नोंद असते ती त्या तिसऱ्या गावाच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. पालक मात्र वर्षानुवर्षे स्वतःच्या गावच्या ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालतात आणि 'नोंद सापडत नाही' हे उत्तर ऐकून हताश होतात. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांची स्थिती याहून कठीण आहे. बाळ फडावर जन्मते, मुकादम पुढच्या फडावर हलतो आणि नोंद राहून जाते. आपल्या वसतिगृहात अशी मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या आईबापांना आम्ही दोष देणार नाही. पोटासाठी पाय फिरतात तेथे कागद मागे पडणारच.

कायदा काय म्हणतो, ते मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. जन्मानंतर २१ दिवसांच्या आत नोंदणी विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून होते. एका वर्षाच्या आत वरिष्ठ निबंधकाच्या लेखी परवानगीने होते. वर्ष उलटले, तर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो, आणि तो सत्यता पडताळल्यावरच मिळतो. अलीकडे ही पडताळणी अधिक काटेकोर झाली आहे. म्हणूनच दलालाच्या हातून 'लवकर' मिळणाऱ्या दाखल्याच्या मोहात कोणी पडू नये. शासकीय संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही पैसे घेऊन खोटे दाखले देतात. खोट्या नोंदीवर उभे केलेले शिक्षण आणि नोकरी कधीही कोसळू शकते, आणि कोसळताना ती दलालाच्या नव्हे, मुलाच्या डोक्यावर कोसळते.

बाळाचे नाव नोंदीच्या वेळी ठरलेले नसेल, तर ते नंतर घालता येते. एका वर्षापर्यंत विनाशुल्क, पुढे नियमांनुसार शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे आपल्या शाळेतील पाचवीसहावीच्या मुलाच्या दाखल्यावर नाव नसेल, तर अजून वेळ गेलेली नाही. नाव घालताना मात्र घरातले लाडाचे नाव घालू नये. शाळेत जे नाव, तेच दाखल्यावर, अक्षरसुद्धा तेच. आणि आईचे नाव पूर्ण व अचूक असावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. ज्या माउलीने जन्म दिला, तिचे नाव जन्माच्या कागदावर अर्धवट किंवा माहेरचे-सासरचे मिसळून लिहिलेले असावे, हे आम्हांला केवळ तांत्रिक दोष वाटत नाही.

आता थोडे शाळांविषयी, म्हणजे आपल्याविषयी. आमच्या पिढीतील किती माजी विद्यार्थ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे स्नेहमेळाव्यात हात वर करायला सांगितले की कळते. कागद नव्हता, आईला 'आखाजीच्या आधी' किंवा 'मोठ्या पुराच्या साली' एवढेच आठवत होते, आणि गुरुजींनी वय अजमावून १ जून लिहिला. त्या काळी मूल शाळेत बसणे महत्त्वाचे होते, आणि गुरुजींनी ते केले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु आज तसे करणे क्षम्य नाही. शाळेतील नोंद एक आणि जन्म प्रमाणपत्रावरील तारीख दुसरी, असे झाले की दहावीनंतर ते दुरुस्त करणे अतिशय कष्टाचे होते.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला जाण्यासही आमचा विरोध आहे. 'दाखला नाही तर प्रवेश नाही' असे म्हणणारी शाळा कायदा आणि करुणा दोन्ही मोडते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आमची भूमिका अशी आहे : मुलाला आधी वर्गात बसवावे, आणि मग शाळेने पालकांबरोबर राहून त्याचा दाखला मिळवावा. कागद पालकाकडून वसूल करायची वस्तू नाही. तो मुलाला मिळवून द्यायचा हक्क आहे.

'आधार आहे की, मग हे सारे कशाला?' असा प्रश्न हमखास येतो. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरविताना आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. मुळात आधारवर तारीख लिहिली जाते ती दुसऱ्या कागदावरून. मूळ कागद बिनचूक असला, तर पुढचे सारे बिनचूक.

म्हणून या वर्षापासून तीन गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक विद्यार्थ्याची एक कागदफाईल पाचवीपासूनच शाळेत तयार व्हावी. तिच्यात जन्म प्रमाणपत्र, आईवडिलांचे दाखले आणि पूर्वजांच्या जुन्या नोंदीची नक्कल असावी, आणि आठवीपर्यंत ती पूर्ण व्हावी. दुसरे, आपले माजी विद्यार्थी आज ग्रामसेवक, तलाठी, लिपिक, वकील, शिक्षक अशा नाना पदांवर आहेत. त्यांनी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक दिवस शाळेत येऊन पालकांचे अर्ज लिहून द्यावेत. तिसरे, दाखला हाती पडताच खिडकीपाशीच उभे राहून नाव, आईचे नाव, तारीख, नोंदणी क्रमांक आणि सहीशिक्का वाचून पाहण्याची सवय आपण पालकांना लावावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याबरोबर त्यांचेच मूल असावे. आपल्या शाळेत शिकलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग आम्हांला सुचत नाही.

पूर्वी आपली नोंद दुसरे लोक करीत. त्यांना वाटेल त्या नावाने, वाटेल त्या शब्दांत. आज ती नोंद वाचण्याची, तपासण्याची आणि चूक असेल तर दुरुस्त करून मागण्याची शक्ती आपल्याकडे आहे. ती वापरली नाही, तर दोष वहीचा नसेल. पुढच्या जूनमध्ये जी आई हातात पिशवी घेऊन शाळेच्या पायऱ्या चढेल, तिच्या पिशवीत योग्य तो कागद असावा, आणि नसेल तर तो मिळवून देणारा कोणीतरी आपल्यातला तेथे उभा असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.